पाळीव प्राण्याचं पोर्ट्रेट: ऑर्डर घेण्यापासून वॉर्निशपर्यंत

फोन येतो आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "ताई, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करते, किती घ्याल?" लगेच आकडा सांगू नका. आधी विचारा की त्यांचा प्राणी कसा आहे, घरात कुठे बसतो, कुणाचं ऐकतो, कुणाचं मुळीच ऐकत नाही. माणसं दोन मिनिटांत मोकळी होतात, आणि चित्रासाठी लागणारं सगळं त्या बोलण्यात असतं. लॅब्राडोर कसा दिसतो हे कुठेही बघायला मिळतं. तुम्हाला मात्र हा एकच लॅब्राडोर काढायचा आहे, आणि त्याला ओळखणारी माणसं जगात चार-पाचच असतात. ती चित्रासमोर उभी राहिली की त्यांना फसवता येत नाही.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते आणि वर्षाचं बरंचसं काम याच चित्रांचं करते. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं गुजराती. कुत्री सर्वांत जास्त, त्याखालोखाल मांजरं, मधूनच एखादी गाय किंवा पोपट. या कामाला चित्रकलेत खालची पायरी समजणारे लोक भेटतात. त्यांनी मुघल बादशहा जहांगीराच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याने केलेला झेब्रा बघावा. १६२१ मध्ये जहांगीराला तो झेब्रा भेट आला आणि मन्सूरने त्याचा पट्टा न् पट्टा असा टिपला की कुठल्या तरी झेब्र्याचं नव्हे, त्याच जनावराचं ते चित्र झालं. आपलं काम त्याच रांगेतलं आहे असं मानून करायचं.

काय विचारायचं

चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. एक कान उभा, दुसरा टोकाला मुडपलेला. एका डोळ्यावरची तांबूस टिकली दुसरीपेक्षा मोठी. ओठाचा एक कोपरा दातात अडकून वर राहिलेला. मालक हे रोज बघतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून नेमकं विचारा: हाक मारली की आधी कुठला कान हलतो? मान कुठल्या बाजूला कलते? अंगावर खूण आहे का, आणि ती चित्रात ठेवायची का? नसबंदी केलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच दिलेली असते. काहींना ती झाकलेली हवी असते, तर काहींना ती हवीच असते, कारण त्यांचं आणि त्या कुत्र्याचं नातं तिथूनच सुरू झालेलं असतं. हा निर्णय चित्रकाराने परस्पर घ्यायचा नाही.

कारेलीबागेतल्या एका काकूंचा कुत्रा, मोती, गेला होता. त्यांनी पाठवलेल्या सगळ्या फोटोंत मोती जीभ बाहेर काढून हसतोय, एकात तर वाढदिवसाची टोपीही आहे. मी विचारलं, "काकू, फोटो काढणारं कुणी समोर नसताना तो कसा असायचा?" त्या म्हणाल्या, "अगं, तो असा हसरा नव्हताच मुळी. चार वाजले की जिन्याच्या पायरीवर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघत बसायचा. ह्यांची स्कूटर वळणावरनं ओळखायचा." मग मी जिना दाखवा म्हटलं. लाल कोब्याच्या पायऱ्या, कडा झिजलेल्या. मागे कुणीतरी नातवाचा फोटो काढला होता, त्यात कोपऱ्यात मोती तसाच बसलेला सापडला, अगदी अस्पष्ट. बसण्याची ढब त्या फोटोतून घेतली, चेहऱ्याचे बारकावे हसऱ्या फोटोंतून, आणि पायरीचा रंग प्रत्यक्ष पाहून. हसरा फोटो जसाच्या तसा उतरवला असता तर चित्र चांगलं झालं असतं, मोतीचं झालं नसतं.

जे गेलेत त्यांच्या चित्रासाठी घाई करू नका आणि मालकांना करू देऊ नका. प्राणी गेल्यावर पहिल्या आठवड्यात आलेली ऑर्डर मी नोंदवून घेते, पण फोटो निवडायला महिनाभर थांबा म्हणते. त्या दिवसांत लोक शेवटच्या आजारातले फोटो पाठवतात, कारण मोबाइलमध्ये तेच सर्वांत वर असतात. महिन्याने स्वतःहून जुने, धडधाकट दिवसांतले फोटो शोधून काढतात.

फोटो

गाव एकच असेल तर घरी जाऊन फोटो स्वतः काढा. जमिनीवर बसा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात, म्हणून दोन मीटर लांब राहून दुप्पट झूम करा. प्रकाश खिडकीचा, एका बाजूने येणारा. फ्लॅश नको. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि खरा रंग कळत नाही. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा. मागचं धूसर करताना तो मोड कानाच्या कडेचे केस आणि मिशा खाऊन टाकतो, आणि जनावराची कड तर तिथेच असते. काळं कुत्रं असेल तर स्क्रीनवर त्याच्या अंगावर बोट दाबून धरा आणि केसांच्या लडी दिसेपर्यंत उजेड वाढवा. पांढऱ्या मांजराला उलट, उजेड कमी करा. शेवटी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. तो रंगांसाठी नाही, मान वळवतो कशी हे समजायला.

बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर त्यांना हेच सगळं लिहून पाठवा आणि एक गोष्ट ठासून सांगा: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने फोटो आवळला जातो आणि डोळ्याच्या कडेचा जो तपशील आपल्याला हवा तोच जातो. जुना छापील फोटो असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढण्याऐवजी ६०० डीपीआयवर स्कॅन करून मागवा. जुने रंगीत प्रिंट तांबूस पडलेले असतात, तेव्हा अंगाचा रंग त्यावरून ठरवू नका. ओळखीची वस्तू शोधा: पट्टा, घराचा दरवाजा, कुणाची तरी अजून कपाटात असलेली साडी. ती वस्तू आज कशी दिसते ते बघितलं की फोटोचा रंग किती सरकलाय याचा अंदाज येतो.

फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेला असेल तर त्याची परवानगी घ्या. इंटरनेटवर सापडलेला, दुसऱ्याच कुणाच्या कुत्र्याचा सुरेख फोटो 'फक्त पोझ' म्हणूनही उतरवू नका.

रेखाटन

ग्रिड मारा, म्हणजे फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकटी आखून घ्या, किंवा ट्रेसिंग करा, ऑर्डरच्या कामात त्यात काही कमीपणा नाही. पण फोटो उतरवणाऱ्या हाताला आतली कवटी ठाऊक असली पाहिजे, नाहीतर चेहरा सपाट होतो. आपला हात माणसांच्या चेहऱ्याला सरावलेला, त्यामुळे कुत्र्याचे डोळे नकळत जवळ आणि समोर येतात, आणि तोंडाचा पुढे आलेला भाग मागे दाबला जातो. दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा मधला बिंदू, हा त्रिकोण आधी मोजून पक्का करा. तो बरोबर असेल तर बाकीचं सावरता येतं, तो चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया.

हात तयार करायला वडोदऱ्यातल्या कमाटी बागेत जा. १८७९ पासूनची बाग, आत प्राणिसंग्रहालय आहे, आणि पिंजऱ्याबाहेर बाकांखाली झोपलेली कुत्रीही आहेत. झोपलेली काढून झाली की चालणारी काढा. प्रत्येकाला अर्धा मिनिट, वहीचं पान भरून. १९५० मध्ये वडोदऱ्यात विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली तेव्हा मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे येऊन शिकवू लागले, आणि स्केचची वही हातातून सुटू द्यायची नाही हा धडा या गावात अजून टिकून आहे. फोटोवरून काम करणाऱ्याला त्याची जास्तच गरज आहे.

रेखाटन मूळ आकारात करून मालकांना दाखवा आणि त्यांचा होकार लेखी घ्या. या टप्प्यावर कान बदला, मान वळवा, दहा गोष्टी बदला, पैसे न घेता करा. रंग लागल्यावर फक्त रंगाची दुरुस्ती, ठेवण बदलायची नाही. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

डोळे

इथे वेळ घाला. बाकी चित्रात कुठे हात आखडता घेतला तरी चालेल.

कुत्र्याची बाहुली गोल, मांजराची उभी फट, शेळीची आणि गाईची आडवी. मांजराची फट उजेडाप्रमाणे बदलते, भर उन्हात रेघेएवढी आणि रात्री जवळजवळ गोल. म्हणून रात्रीच्या फोटोतले डोळे दिवसाच्या चेहऱ्यावर बसवू नका. बघणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकत राहील.

कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग फारसा दिसतच नाही. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, त्यामुळे वरचा अर्धा भाग गडद असतो. चमकेचा ठिपका वर डावीकडे असेल तर बुबुळ खाली उजवीकडे उजळतं, कारण आत शिरलेला प्रकाश पलीकडच्या बाजूला पसरतो. हा खालचा उजेड बहुतेक जण विसरतात आणि मग डोळा बटणासारखा दिसतो. तो उजेड पिवळा ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणाने, पातळ थरात द्या. चमक एकच ठेवा, बाहुलीच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि निव्वळ पांढरी नको. खिडकीतून आभाळ दिसत होतं ना, मग त्यात किंचित निळा हवा. खालच्या पापणीवर ओलाव्याची बारीक रेघ, तीही तुटक. मांजराच्या डोळ्याचा बाहेरचा पारदर्शक फुगवटा बाजूने स्पष्ट दिसतो, रंगीत बुबुळ त्याच्या मागे खोल असतं. तीन चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात ही खोली दाखवली नाही तर डोळा चिकटवलेला वाटतो.

आणि भुवई. कुत्र्याच्या भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यांमध्ये तो नीट वाढलेला आढळत नाही. आपल्याकडे कुत्रं जी 'ती' नजर टाकतं ती या स्नायूमुळे. हे टोक दोन मिलिमीटर वर गेलं तर बिचारा दिसतो, दोन मिलिमीटर खाली आलं तर सावध. मालक "छान आहे, पण आमचा नाही वाटत" म्हणाले की नव्वद टक्के वेळा मी आधी इथेच बघते, मग तोंडाच्या कोपऱ्यात.

अंगाचे केस

एकेक केस काढत बसू नका. आधी डोळे बारीक करून उजेडाचा आणि सावलीचा मोठा आकार पकडा, रुंद फिल्बर्ट, म्हणजे टोकाला गोलसर चपट्या, ब्रशने. मग एका कागदावर केसांची दिशा बाणांनी काढून समोर चिकटवा: नाकाच्या दांडीवरून ते मागे जातात, डोळ्याभोवती वळतात, गालावरून खाली येतात, छातीवर भोवरा घेतात. प्रत्येक फटकारा या बाणांप्रमाणे. सुटे केस फक्त दोन ठिकाणी दाखवायचे, उजेड सावलीत वळतो तिथे आणि बाहेरच्या कडेला. केस फाकलेला जुना हॉगहेअर (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश टाकून देऊ नका, या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही.

काळ्या कुत्र्याला ट्यूबमधला काळा लावला की कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. निळा जास्त घेतला की थंड काळा, अंबर जास्त घेतला की उबदार. पाठीवर आभाळाचा निळसर उजेड आणि कानाच्या पातळ कडेला ऊन आरपार जातं तिथे तांबूस. उन्हात वावरणाऱ्या काळ्या कुत्र्याचे केस टोकाला तपकिरी पडतात, तेही द्या. पांढऱ्या मांजरात निव्वळ पांढरा अगदी शेवटी, नखाएवढ्या जागेत. बाकी सगळं करडं, जांभळट, आणि पोटाखाली फरशीचा रंग. आपल्या गावठी कुत्र्यांचा तांबूस-पिवळा रंग मला सर्वांत आवडतो. पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर एवढ्यात तो सगळा मिळतो, फक्त सावलीत थोडा निळा घालायला विसरू नका.

नाक सपाट काळं नसतं, त्यावर बारीक खडबडीत दाणे असतात आणि चमक त्या दाण्यांवर तुटते. मिशा सर्वांत शेवटी, लांब बारीक केसांच्या रिगर ब्रशने, रंग शाईइतका पातळ करून, मुळापासून टोकापर्यंत एका दमात. हात अडखळला तर पुसा आणि पुन्हा काढा, मध्ये जोड देऊ नका.

पार्श्वभूमी साधी ठेवा. वडोदऱ्याच्या राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंगराव म्युझियममध्ये राजा रविवर्म्यांची पोर्ट्रेट्स आहेत, ती बघा. अंधाऱ्या मागच्या बाजूतून चेहरा कसा पुढे येतो, आणि जवळ गेलात तर जर आणि दागिने कसे सोडवलेत, ते पाहून केसांवरची आणि पट्ट्याच्या बक्कलावरची चमक कशी करायची हे कळतं. राजवाड्याचा बगीचा मागे टाकण्यापेक्षा ज्या घरात तो राहिला त्याच घराचा एखादा रंग घ्या.

तेल की अ‍ॅक्रिलिक

मला तेलरंग लागतो, केसांच्या मऊ कडा त्यातच मनासारख्या येतात. पण आपल्याकडची हवा लक्षात घेऊन तारीख द्या. मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, तेव्हा डबीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढा. पावसाळ्यात तेलरंगाचं काम रेंगाळतं, टायटॅनियम पांढरा आणि काळा तर चिकटच राहतात. अंबर लवकर वाळतो, म्हणून पहिला थर अंबरचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. पुढच्या थरांत तेल वाढवत जायचं. खाली जास्त तेल आणि वर कमी झालं तर वरचा थर तडकतो. दिवाळीत भेट द्यायची असेल तर गणपतीपर्यंत ऑर्डर पक्की झाली पाहिजे. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. आणि जमिनीवर तर नाहीच. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा. टर्पेंटाइन मांजरांना विषारी आहे. प्राणी भेटायला येणार असेल त्या दिवशी बाटली कपाटात, खिडक्या उघड्या, आणि ब्रश धुतलेले.

पैसे आणि कागद

दर आकारावर ठरवा. मी १० बाय १२, १२ बाय १६ आणि १६ बाय २० इंच एवढेच आकार घेते, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नाही आणि फ्रेमवाल्याकडे तयार पट्टी मिळते. कॅनव्हास, रंग, फ्रेम यांचा खर्च वेगळा धरा आणि तासांचे पैसे वेगळे. बहुतेक नवे चित्रकार फोनवरचं बोलणं, फोटोंची निवड आणि रेखाटनातले बदल यांचे तास मोजतच नाहीत. चेहऱ्याइतकाच पाय-शेपटीसकट पूर्ण देहाचा दर लावू नका. चित्रात दुसरा प्राणी आला तर काम दुपटीच्या जवळ जातं, कारण दोघांचा उजेड जुळवायचा असतो. निम्मी रक्कम आधी, तीही रेखाटन सुरू करण्यापूर्वी. कुणाचा प्राणी गेलाय म्हणून दर पाडू नका. त्यांना परवडत नसेल तर छोटा आकार सुचवा आणि तो पूर्ण जीव ओतून करा.

एक कायदेशीर गोष्ट नक्की लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या पोर्ट्रेटचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे तुम्ही काढलेलं चित्र तुमच्याच पोस्टकार्डावर किंवा जाहिरातीत छापायचं तर आधी ठरलेलं असायला हवं. मी ऑर्डरच्या मेसेजमध्येच आकार, माध्यम, तारीख, बदल कधीपर्यंत, आणि "चित्राचा फोटो माझं काम दाखवण्यासाठी वापरता येईल" असं लिहिते, आणि समोरून होकार आला की मगच पुढे जाते. एवढ्या साध्या मजकुराने पुढचे वाद टळतात.

चित्र हातात देताना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा: थेट ऊन येतं त्या भिंतीवर नको, स्वयंपाकघराजवळ नको, बाथरूमच्या ओलसर भिंतीवर नको. पुसायचं तर कोरड्या मऊ ब्रशने. कुरिअरने जायचं असेल तर वर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर ताज्या रंगावर गोल ठसे उमटतात. तेलरंगाला पक्कं वॉर्निश सहा महिन्यांनी, थर जाड असेल तर वर्षाने. तोवर रिटच वॉर्निशवर, म्हणजे पातळ तात्पुरत्या वॉर्निशवर, काम भागतं. ती तारीख तुमच्या वहीत लिहा, गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहू नका. मी स्वतः फोन करते, चित्र परत मागवते किंवा गावातलं असेल तर घरी जाऊन वॉर्निश लावते, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. त्याच फेरीत मागचा हुक आणि तार तपासून घ्या.